सहा नॅनोटेस्ला

कोंडवण्याच्या चुंबकीय वेधशाळेत शिरायचं तर आधी अंगावरचं लोखंड उतरवावं लागे. देवळाबाहेर चपला काढतात, तसा इथे कमरेचा पट्टा काढायचा. घड्याळ, किल्ल्या, केसांतल्या पिना, खिशातला चाकू असं सगळं फाटकाजवळच्या लाकडी पेटाऱ्यात टाकायचं आणि मग पुढे व्हायचं. विजारीच्या एका हुकापायी मोठमोठे साहेब इथून परत फिरले होते. मोजणीची खोली सागवानाची, खिळे तांब्याचे, बिजागऱ्या पितळेच्या. अख्ख्या कोकणात घरं जांभ्याची, पण जांभ्याच्या पोटात लोह असतं, म्हणून या एका खोलीच्या पायासाठी काठेवाडातून चुनखडीचा दगड गलबताने आणला होता. हे सगळं जुन्या काळी झालं. आता २०४३ साल उजाडलं, गावात माल पोचवणारी ड्रोन आली, तरी खोलीचे नियम तेच होते.

खोलीतल्या दुर्बिणीशी शुभदा केळुसकर बसे. बाहेर आंब्याखाली, इलेक्ट्रॉनिक पेटीपाशी तिचा नवरा दिगंबर. ती निरीक्षक, तो तांत्रिक सहायक. दुर्बिणीवर एक संवेदक बसवलेला होता. तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला बरोबर आडवा झाला की पेटीवर शून्य येई. पेटीत लोखंड, त्यामुळे ती बाहेर. शुभदाचा डोळा भिंगाला लागलेला, त्यामुळे तिला मान वर करून काही बघता येत नसे. फोन, स्पीकर, हेडफोन यांतलं काहीच आत चालत नसे, कारण प्रत्येक स्पीकरच्या पोटात एक चुंबक असतोच. मग राहिलं काय? माणसाचा गळा. शुभदा आत स्क्रू फिरवी आणि दिगंबर बाहेरून आकडे ओरडे.

"अधिक बारा. अधिक पाच. उणे एक. शून्य."

"घेतलं," शुभदा आतून म्हणे.

लग्नानंतरची त्यांची बहुतेक प्रत्येक सकाळ अशीच गेली होती. बाकी जोडपी चहा पिताना बोलतात. ही दोघं अधिक-उणे बोलत.

दोनेक वर्षांपूर्वी शुभदाला आकडे नीट ऐकू येईनासे झाले. कानाचं वय झालंय हे मान्य करण्यापेक्षा नवऱ्याचा दोष काढणं केव्हाही सोपं. "तुम्ही हल्ली पुटपुटता," ती म्हणाली. दिगंबर सरळ माणूस. त्याला ते खरं वाटलं. तो महाडला घशाच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टरला काही सापडलं नाही, तेव्हा त्याने स्वतःच हळद-मिठाच्या गुळण्या सुरू केल्या, खिशात ज्येष्ठमधाची कांडी ठेवली आणि असा ओरडू लागला की सुरूच्या बनातले कावळे उडत. एवढं करून घरी आल्यावर घसा जपायचा म्हणून तो गप्प बसे.

मग गेल्या आषाढात शुभदा बहिणीकडे पनवेलला गेली आणि गुपचूप एक श्रवणयंत्र घेऊन आली. हरभऱ्याएवढं, कातडीच्या रंगाचं, कानाच्या आत खोल बसणारं. "यात लोखंड नाही ना?" तिने दुकानात विचारलं होतं. "छे मॅडम, सगळं मेडिकल प्लॅस्टिक," दुकानदार म्हणाला. तिला हेच उत्तर हवं होतं, त्यामुळे तिने पुढे काही विचारलं नाही. त्या दिवसापासून तिला आकडे खणखणीत ऐकू येऊ लागले. दिगंबरला वाटलं, गुळण्यांचा गुण आला.

तिने हे लपवलं त्यालाही कारण होतं. वेधशाळेचा एक नियम फार कडक होता. चुंबक किंवा लोखंड घेऊन आत बसलेल्या निरीक्षकाला पुन्हा कधी आत सोडत नसत. मागे पाध्ये नावाचा एक तरुण निरीक्षक होता, त्याच्या चष्म्याचा बारीक स्क्रू पोलादाचा निघाला. शुभदानेच ते पकडलं आणि वर कळवलं. पाध्येची बदली हिशेब विभागात झाली. श्रवणयंत्र लावते म्हटल्यावर लोक आधी ते तपासायला मागणार, मग कान तपासायला मागणार, आणि निवृत्तीला तीन वर्षं असताना तिच्या हातून ती खोली जाणार. खोली गेली तर आपल्याकडे काय उरतं, या प्रश्नाचं उत्तर तिच्याजवळ नव्हतं.

आता या एका लाकडी खोलीची जगाला एवढी पत्रास का, ते सांगायला हवं.

सूर्यावरून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याच्या वाटेत ओढ्यातल्या खडकासारखं उभं असतं. वारा दोन्ही अंगांनी वळून पुढे जातो आणि मागे क्षेत्राची लांबच लांब शेपूट ओढली जाते. पण हा वारा येताना सूर्याचं चुंबकीय क्षेत्रही बरोबर घेऊन येतो. त्याची दिशा दक्षिणेकडे, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट असली, की दोन्हींच्या बलरेषा तुटतात आणि एकमेकींना जोडल्या जातात. तेवढ्या वेळापुरतं पृथ्वीच्या कवचाला दार पडतं. कण आत घुसतात, शेपटीत जमतात, तिथून पृथ्वीकडे फेकले जातात आणि विषुववृत्ताच्या वर उंचावर विजेचं एक कडं फिरू लागतं. त्या कड्यामुळे जमिनीवरचं क्षेत्र किंचित घटतं. चुंबकीय वादळ म्हणतात ते हेच.

वाऱ्याच्या क्षेत्राची दिशा उत्तरेकडे असली की दार बंद, असं पूर्वी मानत. पण दार बंद असलं तरी घर पावसात गळतंच. वाऱ्याने खाडीच्या पाण्यावर लाटा उठतात, तशा कवचाच्या दोन्ही कुशींवर लाटा उठतात, गुंडाळल्या जातात, आणि त्यांच्या भोवऱ्यांतून कण आत झिरपतात. वरवर सगळं शांत असतं आणि शेपटीत साठा वाढत जातो. अशा साठ्यावर एखाद्या दिवशी दार सताड उघडलं, तर वादळ दुप्पट जोरात येतं.

हा साठा जमिनीवरून मोजायची रीत डॉ. अन्विता भडसावळे या मुलीने काढली होती. मुलगी म्हणायचं ते शुभदाच्या हिशेबाने. नाशिकच्या अवकाश-हवामान केंद्रात ती प्रमुख होती. साठा वाढला की विषुववृत्ताजवळच्या केंद्रांवर क्षेत्र अगदी थोडं घटतं. चाळीस हजार नॅनोटेस्लामध्ये पाच-सहा, म्हणजे गोणीभर तांदळात चिमूटभर. स्वयंचलित यंत्रं चढ-उतार टिपत, पण आपलं शून्य कुठे आहे हे त्यांचं त्यांना कळत नसे. घड्याळ कितीही चांगलं चालत असलं तरी ते लावावं कुणीतरी लागतंच. कोंडवण्याचं घड्याळ शुभदा लावत असे. तिच्या हाताइतका स्थिर हात आसपासच्या देशांत कुणाचा नव्हता, आणि म्हणून अन्विताचं संगणकातलं गणित सगळ्यात जास्त भार कोंडवण्यावर टाकी.

मार्चमधल्या एका दुपारी तिचाच फोन आला.

"शुभदाताई, सूर्यावरून एक ढग सुटलाय. उद्या दुपारी पोचेल."

"वाचलं मी."

"आपल्या अवकाशस्थानकावरचे दोघं अंतराळवीर उद्या दुपारीच बाहेर पडणार आहेत, सौरपंख दुरुस्त करायला. स्थानक ध्रुवांवरून जातं. साठा कमी असेल तर काळजी नाही, काम उरकेल. साठा मोठा असला तर ध्रुवांकडचा धोक्याचा पट्टा पसरणार, आणि हे दोघं उघड्यावर."

"मग पुढे ढकला."

"पंख अर्धा मेलाय ताई. पुढे ढकललं तर त्यांना विजेची काटकसर करत, थंडीत कुडकुडत बसावं लागेल. नुसत्या शंकेवर कुणी ऐकणार नाही. माझं गणित म्हणतंय, साठा कमी आहे. पण ते तुमच्या आकड्यावर उभं आहे. पश्चिमेकडचं आणि पूर्वेकडचं केंद्र दोन्ही खाली दाखवतायत. तुमचं त्यांच्यापेक्षा सहाने वर आहे. गेले आठ महिने तसंच आहे, पण आजवर त्याने काही बिघडत नव्हतं." अन्विता जरा थांबली. "मी तुमच्यावरच विश्वास ठेवणार आहे. फक्त एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

"आमचा आकडा बरोबर आहे," शुभदा म्हणाली.

हे तिने विचार न करता म्हटलं. तीस वर्षांत तिला कुणी असं विचारलं नव्हतं आणि तिचा अभिमान दुखावला होता. फोन ठेवल्यावर मात्र ते आठ महिने तिच्या डोक्यात शिरले.

आषाढ ते फाल्गुन. तिने बोटांवर मोजले आणि मोजून झाल्यावर तशीच उभी राहिली. स्पीकरच्या पोटात चुंबक असतो, हे सहलीला आलेल्या शाळांच्या पोरांना तिने शंभरदा सांगितलं होतं. कानातलं यंत्र म्हणजे तरी काय? कानाच्या आत बसवलेला स्पीकरच. दुर्बिणीला डोळा लावला की तिचा कान संवेदकापासून वीतभर अंतरावर येई. दुनियेचं लोखंड बाहेर ठेवणारी बाई स्वतः रोज चुंबक घेऊन आत बसत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तरी खात्री हवी म्हणून ती फाटकाशी गेली. पाहुण्यांची झडती घ्यायला तिथे एका लाकडी खांबावर होकायंत्र होतं. तिने कानातून यंत्र काढलं आणि काट्याजवळ धरलं. काटा झटकन वळला. ती तशीच घराकडे वळली.

दिगंबर मोरीपाशी उभा राहून गुळण्या करत होता. जेवणानंतरच्या गुळण्या तो कधी चुकवत नसे.

"अहो, थुंका ते," शुभदा म्हणाली.

त्याने भुवया उंचावल्या.

"थुंका. तुमच्या घशाला काही झालेलं नाही. कधीच नव्हतं. माझा कान गेलाय."

तिने हात पुढे केला. तळव्यावर ते हरभऱ्याएवढं यंत्र होतं. दिगंबरने तोंडातलं पिवळं पाणी टाकलं, पंच्याने तोंड पुसलं आणि यंत्राकडे बराच वेळ पाहिलं. मग तो काहीतरी बोलला, ते तिला ऐकू आलं नाही. तिने यंत्र परत कानात घातलं.

"काय म्हणालात?"

"कधीपासून म्हटलं."

"दिव्याच्या अवसेच्या आधीपासून."

"म्हणजे मी पुटपुटत नव्हतो."

"नाही."

"तू भावजींसमोर म्हणालीस. शेजारच्या तांबड्यांसमोर म्हणालीस. तुझ्या भाचीच्या लग्नात मला मंगलाष्टकं म्हणू दिली नाहीस, आवाज बसेल म्हणून."

"हो. लाज वाटत होती मला."

"कशाची?"

"म्हातारी झाल्याची," शुभदा म्हणाली. "आणि खोली जाईल म्हणून भीती."

दिगंबर रागावला होता आणि त्याला रागावता येत नव्हतं. त्याने पंचा दोरीवर टाकला, परत उचलला, परत टाकला. मग त्याच्यातला सहायक जागा झाला.

"आकडे चुकले असतील की मग."

"सहाने. अन्विताला मी आत्ताच बरोबर आहेत म्हणून सांगितलं. उद्या दोघं जण त्या आकड्याच्या भरवशावर बाहेर पडतील."

"मग इथे काय उभी राहिलीस? चल, आत्ता मोजू."

"यंत्र काढलं तर तुम्ही कितीही ओरडलात तरी आकडे ऐकू येणार नाहीत. पावसाळ्यानंतर कान आणखी गेलाय. मघाशी समोर उभे होतात तरी आलं नाही."

यावर दोघंही विचारात पडली. दुसऱ्या कुणाला आत बसवावं तर निरीक्षकाचा हात तयार व्हायला वर्षं लागतात. दिगंबरने आत बसावं तर त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू. शेवटी त्याची नजर त्याच वाळत घालायच्या दोरीवर गेली. सुती होती. त्याने ती सोडली, पंचा खाली पडला तो तसाच राहिला.

दोरीचं एक टोक खिडकीतून आत घेऊन शुभदाने डाव्या घोट्याला बांधलं, कारण हात दोन्ही स्क्रूंवर लागत. दुसरं टोक आंब्याखाली दिगंबरच्या हातात. एक हिसका म्हणजे अधिक, दोन म्हणजे उणे, हिसका जितका हलका तितका आकडा लहान, आणि दोरी ताणून धरली म्हणजे शून्य. श्रवणयंत्र फाटकापाशी, पेटाऱ्यात.

पहिला हिसका जरा जास्तच जोरात आला. तो आकड्याचा नव्हता. शुभदाचा पाय सरकला, गुडघा दुर्बिणीच्या खांबाला लागला आणि सगळं पुन्हा जुळवावं लागलं. दुसऱ्या खेपेला दोरी शहाण्यासारखी वागली. एक हिसका, एक हलका हिसका, दोन अगदी हलके, मग दोरी ताणलेली. खोलीत एवढी शांतता तिने कधी ऐकली नव्हती. समुद्र नाही, कावळे नाहीत, नवरा नाही. घोट्याशी तेवढा तो आहे हे कळत होतं. ती "घेतलं" म्हणाली आणि आपण ते मोठ्याने म्हणालो की मनात, हेही तिला समजलं नाही.

सगळ्या दिशा मोजून झाल्या. बाहेर येऊन तिने हिशेब केला आणि दिगंबरपुढे धरला. क्षेत्र सहाने खाली होतं. म्हणजे शेजारची दोन्ही केंद्रं खरी होती. शेपटीत साठा होता आणि भरपूर होता.

"आता अन्विताला फोन करते," ती म्हणाली. यंत्र परत कानात आलं होतं.

"थांब." दिगंबर आवाज खाली आणून बोलला. "कारण काय सांगशील?"

"जे आहे ते."

"मी काय म्हणतो, मी पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. माझं कोण काय वाकडं करणार? सांग, सहायकाने खोलीच्या भिंतीला कोयता टेकवून ठेवला होता. आज सापडला. आकडा दुरुस्त होतो, ते दोघं आत राहतात, तुझी खोली राहते."

शुभदाने त्याच्याकडे पाहिलं. मघाशी रागाने दोरी ओढणारा हा माणूस तिच्यासाठी आपल्या शेवटच्या महिन्यावर डाग घ्यायला तयार होता. तिला फार वाटलं, 'हो' म्हणावं. खोलीसाठी आठ महिने खोटं निभावलं होतं, आणखी एक निभावायला काय होतं? पाध्येच्या वेळी तिने घटकाभरही विचार केला नव्हता, तेही तिला आठवलं.

"उद्यापुरतं चालेल ते," ती म्हणाली. "पण मागच्या आठ महिन्यांचं काय? कोयता भिंतीशी असता तर तो रोजच असता. श्रावणात माझा कान सुजला होता तेव्हा मी हे लावलं नव्हतं, एकेक आकडा तुमच्याकडून तीनतीनदा ओरडून घेतला, त्या दिवसांचे आकडे बरोबर आहेत. अन्विता कोयत्याच्या हिशेबाने सगळे सहाने उतरवील आणि चांगले होते तेही बिघडवील. मग आठ महिने कुणालाच सुधारता यायचे नाहीत. तिचं सगळं गणितच लोक मोडीत काढतील."

"आणि तुझं?"

"माझं जाईल."

तिने फोन लावला.

"अन्विता, मी दुपारी चुकीचं सांगितलं. कोंडवण्याचा आकडा सहाने खाली धर. गेले आठ महिने मी कानात श्रवणयंत्र घालून आत बसत होते. त्यात चुंबक आहे. आत्ता ते काढून पुन्हा मोजलंय."

पलीकडे कळफलकावर आकडा टाकल्याचा आवाज आला.

"ताई, तुम्ही काय सांगताय ते कळतंय ना तुम्हाला? मला हे वर द्यावं लागेल."

"दे. आणि ते दोघं आत राहतील एवढं बघ."

दोघं आत राहिले. ढग दुसऱ्या दिवशी दुपारी ठरल्यासारखा आला, त्याचं क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं होतं, दार उघडलं आणि साठलेलं सगळं पृथ्वीकडे कोसळलं. कोंडवण्याच्या यंत्राने काढलेली रेघ एवढी खाली गेली की दिगंबरला वाटलं तार तुटली. स्थानकाच्या बाहेरच्या अंगाला लावलेल्या मापकांनी जे दाखवलं, ते वर्तमानपत्रांत छापून आलं, आणि वाचणाऱ्यांनी चहाचे कप खाली ठेवले. त्या दोघांनी आठवडाभर अंधारात, अंगावर सगळे कपडे घालून दिवस काढले आणि मग पंख दुरुस्त केला. बातमीत अन्विताचं नाव होतं. कोंडवण्याचं नव्हतं, ते एका परीने बरंच झालं.

चौकशी झाली. चौकशीला आलेली माणसं चांगली होती, पण नियम नियमच होता. आठ महिन्यांचे आकडे दुरुस्त झाले आणि शुभदाचं आत जाणं बंद झालं. उरलेली तीन वर्षं तिने कचेरीत बसून जुन्या नोंदी संगणकावर चढवायच्या असं ठरलं. तिच्या जागी केंद्राकडून रेवती भोपी नावाची मुलगी आली.

दिगंबर घरी कामापुरतं बोले. जेवायला वाढ, दिवा लाव, एवढंच. तो अजून रागावला आहे की त्याला वाईट वाटतंय, हे शुभदाला ठरवता येत नव्हतं, आणि विचारायचा धीर होत नव्हता. आपण खोलीबरोबर हेही गमावलं, असं तिला वाटू लागलं होतं.

रेवतीची पहिली मोजणी झाली तेव्हा दिगंबरच्या नोकरीचा शेवटचा आठवडा चालू होता. त्या सकाळी शुभदा घराच्या ओट्यावर कोकमं वाळत घालत बसली होती. आंबा तिथून बराच लांब. रेवतीचे कान तरुण, त्यामुळे दिगंबर ओरडत नव्हता. आपल्या मूळच्या आवाजात बोलत होता. शुभदाच्या कानातलं यंत्र आता उघडपणे कानात होतं आणि वारा तिच्याकडे होता. मोजणी संपल्यावर खोलीच्या पायरीवर येऊन रेवतीने काहीतरी विचारलं. त्यावर दिगंबरचं उत्तर शब्दन् शब्द इथे येऊन पोचलं.

"इथे आधी माझी बायको होती. तुला दहा वर्षं लागतील तिच्यासारखा हात व्हायला, आणि वाईट वाटून घेऊ नकोस, तरी होईल असं नाही. आठ महिने चुकली ती. पण ते पकडलं तिनेच, आणि सांगितलं तिनेच. मी खोटं बोलायला सुचवलं होतं, ऐकलं नाही माझं." मग जरा थांबून तो म्हणाला, "चाळीस वर्षांत असं दुसरं माणूस बघितलं नाही मी."

शुभदाच्या डोळ्यांना धारा लागल्या. हात कोकमांनी लाल झालेले, त्यामुळे तिला ते पुसताही येईनात. लग्न झाल्यापासून या माणसाने तिच्या तोंडावर तिला एवढं कधी म्हटलं नव्हतं.

दिगंबर घरी आला, चपला काढल्या, ओट्याच्या कडेला बसला. तिच्या चेहऱ्याकडे पाहून थबकला.

"काय झालं गं?"

"ऐकलं मी."

"काय?"

"आंब्याखालचं. सगळं."

दिगंबरने आंब्याकडे पाहिलं, मग तिच्या कानाकडे. त्याचे कान तांबडे झाले.

"एवढ्या लांबचं येतं त्यात?"

"येतं."

"म्हणजे आता इथे हळू बोलायचीही सोय राहिली नाही," तो म्हणाला, आणि तिच्या पुढ्यातलं सूप ओढून घेऊन कोकमं पसरू लागला.